‘अचानक’ हा एक शब्द खोडा

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : मनोरुग्णालयांतील मारहाणीच्या घटना आणि त्यांच्या नोंदीतला एक शब्द

महोदय,



मी निवृत्त परिसेविका आहे. ३१ वर्षांच्या सरकारी नोकरीतली २३ वर्षं मनोरुग्णालयात गेली. कुठल्या, ते लिहीत नाही. लिहिलं तर हे पत्र त्या एका रुग्णालयाची तक्रार होईल आणि एखाद्या चौकशी समितीच्या कपाटात जाऊन झोपेल. शिवाय ज्यांच्याविषयी सांगायचं आहे, त्या माणसांची ओळख मला उघडी करायची नाही.

माझं डावं मनगट थंडीत अजून ठणकतं. पुरुष वॉर्डात संध्याकाळची पाळी होती. गोळ्यांचा ट्रे घेऊन मी उभी होते. पस्तिशीतला एक पेशंट ओळ सोडून सारखा दाराकडे जायचा आणि परत यायचा. वॉर्डातल्या मामांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. तो उठला. त्यांनी पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा उठला तो सरळ आमच्या अंगावरच आला. ट्रे, मामा आणि मी, तिघंही फरशीवर. चौघांनी मिळून त्याला धरलं, इंजेक्शन दिलं, चादरीनं पलंगाला बांधलं. माझा हात सुजायला लागला होता, पण पुढच्या पाळीला ओव्हर देण्याआधी रिपोर्ट लिहिणं भाग होतं. उजवा हात शाबूत होता. मी लिहिलं : ‘रुग्ण अचानक हिंसक झाला.’

पुढे रजेच्या कागदांसाठी त्या आठवड्याच्या नोंदींची नक्कल हवी होती. रिपोर्ट बुक चाळताना माझंच अक्षर समोर आलं. घटनेच्या तीन दिवस आधी : ‘रुग्ण सारख्या येरझाऱ्या घालतो.’ दोन दिवस आधी : ‘रात्री झोपला नाही. पलंगावर बसत नाही. सूचना पाळत नाही.’ आदल्या दिवशी : ‘पाय थांबत नाहीत असे म्हणतो. डॉक्टरांना कळवले. हॅलोपेरिडॉल वाढवले.’ आणि चौथ्या दिवशी, त्याच अक्षरात, ‘अचानक’.

त्याला झालं होतं ते अकॅथिशिया. भ्रम आणि भास कमी करणाऱ्या काही औषधांनी, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी, माणसाच्या अंगात अशी बेचैनी शिरते की त्याला एका जागी बसवत नाही. आतून कुणीतरी सतत ढकलत असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आजार बळावला. मग तेच औषध वाढवलं जातं आणि बेचैनीही वाढते. अशा माणसाला खांद्याला धरून तीनदा खाली बसवणं म्हणजे काय, हे मला मनगट मोडल्यावर कळलं. नंतर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोस उतरवला, प्रोप्रानोलॉल सुरू केलं. काही दिवसांत तो शांतपणे बसून जेवायला लागला. मी कामावर परतले तेव्हा माझं प्लास्टर बघून एवढंच म्हणाला, “सिस्टर, तीन दिवस सांगत होतो की.”

महोदय, या पत्रात जे सांगायचं आहे ते त्यानं या एका वाक्यात सांगून टाकलं आहे. बाकीचं सगळं त्याचं स्पष्टीकरण समजा.

त्यानंतर मला एक खोडच लागली. कुठल्याही वॉर्डात काही घडलं की मी त्या पेशंटच्या आधीच्या दोन-तीन दिवसांच्या नोंदी वाचायची. काही वेळा खरोखर काहीच सापडत नसे. बहुतेक वेळा सापडे, आणि अनेकदा ते आजाराच्या नावाखाली बसणारं नसे. कुणाला तीन दिवस शौचाला झालेलं नसायचं, कारण आमच्या बऱ्याच औषधांनी पोट बांधतं. कुणाची दाढ सुजलेली, आणि ते सांगायला त्याच्याजवळ शब्द नाहीत. कुणाची साखर उतरलेली. कुणी दारू सुटल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे बघत असायचा. तो वेडाचा झटका नसतो. दारू एकदम थांबल्यावर येणारी ती वात-अवस्था असते आणि वेळीच ओळखली नाही तर जीव घेते. आणि तंबाखू! २० वर्षं बिडी ओढलेला किंवा मळलेली तंबाखू दाढेखाली धरणारा माणूस दाखल होतो आणि त्याच क्षणी त्याचं व्यसन आमच्या कुलपात जातं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड असतात, हे पानटपरीवाल्यालाही माहीत असतं. आमच्या केसपेपरवर मात्र त्या चिडचिडीचं निदान वेगळंच लिहिलं जायचं.

काही कारणं शरीराच्याही मागे असतात. पोलिसांनी रेल्वे स्टेशनवरून आणलेली एक बाई अंघोळीला नेणाऱ्या मावशींना ओरबाडायची, चावायची. नोंदीत ‘आक्रमक’. तिला एका मावशीनं हात धरून आणि दुसरीनं कपडे ओढून अंघोळ घातली जायची, न्हाणीघराचं दार सताड उघडं. रस्त्यावर एकट्या राहिलेल्या बाईच्या अंगाला कोणकोणते हात लागलेले असतील, याचा विचार करायला आम्हाला सवड नव्हती. शेवटी एका म्हाताऱ्या मावशींनी दार लोटून घेतलं, तांब्या तिच्याच हातात दिला आणि पाठमोऱ्या होऊन बसल्या. ओरबाडणं त्या आठवड्यातच थांबलं. औषध तेच होतं, डोसही तोच.

वॉर्डाचं एक घड्याळ असतं. मारामाऱ्या त्या घड्याळाप्रमाणे होतात. दाराशी होतात, कारण दार बंद असतं. गोळ्यांच्या ओळीत होतात, जेवणाच्या ओळीत होतात, पाळी बदलताना होतात, कारण तेव्हा आम्ही सगळ्या वहीत डोकं घालून असतो. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सहाच्या आत उरकायचं. मग बराकीसारखा लांबलचक वॉर्ड, वर एक दिवा, वेळ घालवायला काहीही नाही, आणि सकाळच्या चहाला बारा तास. घरी आपण पाहुण्यांच्या गर्दीत दोन दिवस राहिलो तरी एकमेकांवर खेकसायला लागतो. इथे साठ-सत्तर अनोळखी माणसं, प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं वादळ, आणि निजायला हातभर अंतरावरचे पलंग.

आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे आमचा ‘नाही’. फोन करू द्या, नाही. चहा अजून थोडा, नाही. माझे कपडे, नाही. घरी कधी सोडणार? याला आम्ही ‘नाही’ म्हणत नसू, ‘उद्या बघू’ म्हणायचो. तो ‘उद्या’ ऐकून वर्षं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. घरचे येणार नाहीत, दिलेला पत्ता खोटा निघाला, हे कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं. ते सांगायची आम्हाला भीती वाटायची म्हणून आम्ही ‘उद्या’ म्हणायचो, आणि मग त्याच माणसानं ताट भिरकावलं की लिहायचो : अचानक.

हे सिस्टर, मामा आणि मावशींवर खापर फोडण्यासाठी लिहीत नाही. मी त्यांच्यातलीच आहे. रात्रपाळीला मी, एक मामा आणि साठ-सत्तर माणसं, अशा रात्री मी मोजल्या नाहीत इतक्या काढल्या आहेत. एकाला बाथरूमला नेलं की बाकीचा वॉर्ड उघडा. ज्याला आठ जणांना जेवण भरवायचं आहे तो नवव्याचं ऐकून कसा घेणार? आवाज चढतो, हात खांद्यावर जातो. कंत्राटी मामाला मार बसला तर त्याची रजा बिनपगारी, हेही पाहिलं आहे. डोळ्याखाली काळंनिळं घेऊन तो दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात, त्याच पेशंटसमोर उभा. दोघंही एकमेकांना घाबरलेले. पुढची मारामारी तिथेच शिजायला लागते.

सगळ्या हिंसेला आम्हीच जबाबदार, असंही मी म्हणत नाही. आजार असतोच. जेवणात विष घातलंय याची ज्याला पक्की खात्री आहे, तो ताट आणणाऱ्यावर धावून जाईलच. कानातला आवाज ‘मार’ म्हणतो म्हणून मारणारा माणूस असतो. उन्मादात भांडण उकरून काढणारा असतो. फिट येऊन गेल्यावर भान नसताना हात चालवणारा असतो. आणि जगात सगळीकडे असतात तसे वॉर्डातही दोन-चार दांडगट असतात, ते दुबळ्यांची भाकरी हिसकावतात. पण साठांतले पंचावन्न जण कधीच कुणावर हात उचलत नाहीत. मार खाणाऱ्यांत तर पेशंटही असतात, त्यांची बातमी होत नाही. आणि ज्यांच्यात आजाराचा जोर आहे, त्यांचाही हात अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक माणसावरच का उठला, याचं उत्तर निदानात मिळत नाही. दारू ठासलेली असते हे खरं, पण ठिणगी कुठून पडली ते तर विचारायला हवं.

ब्रिटनमध्ये याचा नीट अभ्यास झाला आहे. पेशंट आणि कर्मचारी, दोघांनाही मारहाणीची कारणं विचारली तेव्हा कर्मचारी आजाराकडे बोट दाखवतात आणि पेशंट वॉर्डातल्या वागणुकीकडे, बंद दाराकडे, न ऐकल्या गेलेल्या बोलण्याकडे. दोघंही अर्धं खरं बोलत असतात. तिथल्या लेन बावर्स या मनोरुग्ण-परिचर्येच्या प्राध्यापकांनी ‘सेफवॉर्ड्स’ नावाची पद्धत बसवली. १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत तिची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वॉर्डातले तंटे १५ टक्क्यांनी कमी झाले. बांधणं, कोंडणं, जबरदस्तीनं इंजेक्शन देणं वगैरे २६ टक्क्यांहून अधिक कमी झालं. केलं काय त्यांनी? वाईट बातमी कुणी, कधी, कुठे बसून सांगायची ते ठरवलं. ‘नाही’ म्हणायचंच असेल तर कोणत्या शब्दांत म्हणायचं ते शिकवलं. ओव्हर देताना प्रत्येक पेशंटबद्दल एक तरी चांगली गोष्ट सांगायची, असा नियम केला. वॉर्डात एखादी घटना घडली की बाकीच्या घाबरलेल्या पेशंटांशी जाऊन बोलायचं. घरी जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्यांसाठी दोन ओळी लिहून ठेवायच्या. यातल्या कशाला निविदा काढावी लागते, सांगा.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममधल्या ब्रोसेट इथून निघालेली एक छोटी तपासयादी जगभर वापरतात. तिच्यात सहाच गोष्टी बघायच्या : गोंधळलेपण, चिडचिड, दांडगाईचा गोंगाट, तोंडी धमकी, अंगावर जाण्याचा आविर्भाव, वस्तूंवर राग काढणं. दर पाळीला खुणा करायच्या. पुढच्या २४ तासांत कोण बिथरेल याचा अंदाज त्यावरून बऱ्यापैकी बांधता येतो. म्हणजे ‘अचानक’ येणारं वादळ एक दिवस आधी दिसू शकतं. बघायला माणूस मात्र हवा.

पण घटना घडली की आपल्याकडे मागणी एकच होते : गार्ड वाढवा, कॅमेरे बसवा. वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी राज्यानं २०१० मध्ये कायदा केला. नातेवाइकांच्या झुंडी कॅज्युअल्टीत घुसून तोडफोड करतात, तिथे तो हवाच. मनोरुग्णालयाच्या वॉर्डात मात्र हे रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं होतं. ज्याला पोलिसांनी हात बांधून आणलंय, त्याच्या उशाशी दंडुका घेतलेला गणवेश उभा केला तर तो शांत होईल की आणखी बिथरेल? कॅमेरा काय दाखवेल? हात उठला तो क्षण. आधीचे तीन दिवस कॅमेऱ्यात असूनही कुणी बघणार नाही.

पुण्यात ‘त्याला येरवड्याला नेलं’ म्हटलं की तुरुंगात की इस्पितळात, हे विचारून घ्यावं लागतं. ठाण्याचं नाव तर घराघरांत पोरांना चिडवायला वापरलं जातं. या दोन गावांबरोबर नागपूर आणि रत्नागिरी मिळून चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आपल्याकडे आहेत. वर्षानुवर्षं चालत आलेला मंजूर खाटांचा हिशोब येरवडा २५४०, ठाणे १८५०, नागपूर ९४० आणि रत्नागिरी ३६५ असा आहे. एवढ्या माणसांना आपण कशात ठेवतो, तुरुंगात की इस्पितळात, हा प्रश्न भाषेनं आधीच विचारून ठेवला आहे. उंच भिंती आणि गार्ड वाढवून त्याचं उत्तर आपण चुकीचं देत आहोत.

कायदा आपल्या बाजूनं आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ प्रमाणे माणसाला एकांतात कोंडता येत नाही. बांधायचं तर तेव्हाच, जेव्हा त्याला किंवा दुसऱ्याला होऊ घातलेली इजा टाळायचा दुसरा मार्ग नसेल, आणि गरज असेल तितकाच वेळ. शिक्षा म्हणून बांधता येत नाही. आणि, हे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करते, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. म्हणजे रात्रपाळीला एकटी सिस्टर ठेवून वर जबाबदारीही तिच्यावर टाकणं, हे कायद्यालाच मंजूर नाही. बांधलं तर का बांधलं ते लिहायचं, रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं, आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला दर महिन्याला अहवाल द्यायचा. साखळीनं बांधायला तर पूर्ण बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत एका खासगी आश्रमाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण मेले. ते साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांच्याही बाबतीत ‘कधी बिथरतील सांगता येत नाही’ असंच म्हटलं जात असणार.

त्याच कायद्यात आपले कपडे घालण्याचा, केस न भादरले जाण्याचा, फोनवर बोलण्याचा, भेटीला आलेल्या माणसाला भेटण्याचा हक्क आहे. घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणानं कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही, असंही त्यात आहे. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाला बरं होऊनही अडकून पडलेल्या माणसांचा प्रश्न हाती घ्यावा लागला. हे हक्क कनवाळूपणाचे वाटतात. वॉर्डात उभं राहून बघितलं की कळतं, मामांच्या डोळ्याखालचं काळंनिळं टाळण्याचे तेच उपाय आहेत. स्वतःचा सदरा अंगावर असलेला, काल बहिणीशी फोनवर बोललेला, घरी कधी जायचं ती तारीख माहीत असलेला माणूस ट्रे उधळत नाही.

पदं भरा, हे मी सांगायला नको. तुमच्या टेबलावर ते दर महिन्याला येत असेल. संध्याकाळी आणि रात्री माणसं द्या, एवढंच जोडते. सकाळी राऊंडच्या वेळी वॉर्ड नेहमीच भरलेला दिसतो. मार बसलेल्या मामाला, मावशीला, सिस्टरला पगारी रजा द्या, मग ते कंत्राटी असोत की कायम. वॉर्डातल्या पेशंटांना तंबाखू सोडायला निकोटिनचा च्युइंगगम द्या. एका मोडलेल्या मनगटापेक्षा तो स्वस्त पडेल.

आणि एक काम असं आहे, ज्याला पैसा लागत नाही. घटनेच्या नोंदीचा नमुना बदला. त्यात ‘अचानक’ लिहायला जागाच ठेवू नका. त्याऐवजी तीन प्रश्न छापा. आधीच्या ७२ तासांत या माणसानं काय सांगितलं? घटनेच्या आधी त्याला कशाला नकार मिळाला, आणि तो कुणी, कसा दिला? त्याचं शरीर कुणी तपासलं का : औषधाचा त्रास, पोट, दाढ, साखर, दारू, तंबाखू? चौथा प्रश्न हवा असेल तर जखमी कर्मचाऱ्यासाठी ठेवा : त्या वेळी वॉर्डात तुम्ही किती जण होतात? या चार उत्तरांची गोळाबेरीज दर महिन्याला पुनरावलोकन मंडळापुढे आणि तुमच्यापुढे येऊ द्या. वर्षभरात तुम्हाला दिसेल, कुठल्या वॉर्डात, कुठल्या वेळी, कशापायी हात उठतात. मग गार्ड लावायचे की चहा वाढवायचा, ते ठरवा.

माझी ती ओळ अजून त्या वहीत आहे. रजा संपून परतल्यावर ती खोडावी असं फार वाटलं होतं. पण सरकारी कागदावर खाडाखोड चालत नाही, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. म्हणून तशीच राहिली. खाली एक ओळ जोडायला मात्र हरकत नव्हती. मी तारीख घालून लिहिलं : ‘रुग्ण तीन दिवस सांगत होता.’ आणि सही केली.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका